समोरच्याचे ओठ

मी सांगतो ते एकदाच सांगतो. मधेच "काय, काय?" करू नका. तुमचं विचारणं मला ऐकू येणार नाही, आणि ऐकू आलं नाही की मी चिडतो. चिडलो की काय होतं, ते पुढे येईलच.

मी विणकर. सत्तावीस वर्षं गिरणीत काढली, त्यातली एकोणीस एकाच जागी, विणखात्याच्या तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून. चारशे माग एका छपराखाली. प्रत्येक मागाचा धोटा मिनिटाला दोनशे वेळा या टोकाहून त्या टोकाला जाऊन आपटतो. पहिल्या दिवशी माणसाला वाटतं, आता डोकं फुटणार. महिन्याभराने वाटत नाही. दहा वर्षांनी काहीच वाटत नाही, कारण तोवर कानांनी राम म्हटलेला असतो.

त्या आवाजात ओरडून बोलणं म्हणजे दर्या में खसखस. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही. तोंड नीट उघडायचं, शब्द ओठांवर घडवायचा, भुवया उडवायच्या, लागली तर हाताची मदत घ्यायची. हात कपाळावर आडवा धरला की साहेब, कारण त्याची टोपी. दोन बोटांनी नाक चिमटलं की जॉबर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम; का ते विचारू नका. नवख्याला हे शिकायला वर्ष जातं. पण एकदा जमलं की चार रांगा पलीकडच्या माणसाशी गप्पा मारता येतात, आणि जॉबर मधे उभा असला तरी त्याच्या पाठीमागे त्यालाच शिव्या घालता येतात. गिरणीत सुख म्हणाल तर तेवढंच.

आमची ही कांडीखात्यात होती, सूत कांड्यांवर भरायची. तिलाही हे बोलणं येत होतं. त्यामुळे माझे कान कधी गेले ते घरात कुणाला कळलंच नाही, मलासुद्धा उशिरा कळलं. ती उजेडाकडे तोंड करून समोर बसायची आणि बोलायची. आम्ही भांडायचो तेही तसंच. शेजारीण तिला म्हणायची, "काय गुणी जोडपं बाई तुमचं, कधी चढा आवाज नाही!" हे मला सांगताना ही इतकी हसली होती की ओठच वाचता येईनात, तीनदा सांगावं लागलं.

ती जाऊन तीन वर्षं झाली. ताप आला, चार दिवसांत संपलं.

मुलगी आहे, लांब दिलेली. आईने तिला गिरणीच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही, त्यामुळे ती सगळ्या जगासारखीच बोलते, खाली मान घालून, पुटपुटत. वर्षातून एकदा येते. मी आपला "हो, हो" म्हणत राहतो. मागच्या खेपेला तिने काहीतरी सांगितलं, मी हसून म्हणालो, "छान झालं." ती उठून बाहेरच गेली. तिची सासू वारली होती, हे मला पुढे तिच्या पत्रातून कळलं. तिला वाटतं, आई गेल्यापासून बाबांचं काळीज दगडाचं झालं. खरं सांगायला हवं होतं, कबूल. पण "बाप बहिरा झाला" हे तोंडातून काढायला मला मरणाची लाज वाटते.

तर खोलीवर बोलणारं कुणी नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. असतील बुवा, माझ्यापेक्षा बरं चाललंय त्यांचं. भोंग्यापासून भोंग्यापर्यंतच काय ते मी माणसात, आणि माणसात म्हणजे समोरच्याबरोबर.

त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण मी त्याला समोरचा म्हणायचो आणि तो मला खवट म्हणायचा. आमच्या जागा कशा होत्या ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. विणकर आपल्या दोन मागांच्या मधे उभा असतो. माझ्या एका मागाची पाठ त्याच्या एका मागाच्या पाठीला लागून, मधे माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढी फट. फटीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, तोंडं समोरासमोर. आता गंमत अशी की माझ्या मागाची पाठ मला दिसत नाही, मधे कापड, फणी, चौकटी सगळं येतं. ती त्याला दिसते. त्याच्या मागाची पाठ मला दिसते. पाठीकडे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला आणि लक्षात आलं नाही, तर कापडात लांबच लांब रेघ पडते, आणि रेघ पडलेलं ठाण विणकराच्याच गळ्यात मारतात. म्हणून एकोणीस वर्षं तो मला सांगायचा, "खवट, मागे धागा तुटलाय," आणि मी त्याला सांगायचो. दिवसातून वीसेक वेळा. त्या वीस वेळांच्या मधे बाकीचं जग.

काय नाही बोललो आम्ही! त्याच्या भाचीचं लग्न, माझ्या हिचं दुखणं, जॉबरची उधळी बायको, साहेबाची बूट घातलेली कुत्री. तो उंच, पाठीत वाकलेला, पुढचा एक दात पडलेला, आणि बोलायचा असा की प्रत्येक शब्द ताटात वाढून द्यावा. ही गेली त्यानंतर आठ दिवसांनी मी कामावर आलो. त्याने काही विचारलं नाही. दिवसभर नुसतं "मागे धागा तुटलाय, मागे धागा तुटलाय" चालू ठेवलं. निम्म्या वेळा तुटलेलाच नव्हता. मी फटीत जायचो, बघायचो, परत यायचो. मला हलतं ठेवत होता.

आणखी एक रीत होती आमची. कुणी माझ्या पाठीमागून काही बोललं तर ते तो मला ओठांनी सांगायचा. त्याच्या पाठीमागून बोललं तर मी त्याला. विणखात्यात सगळेच तसं करतात, त्यात उपकार नाही.

गेटबाहेर मात्र आम्ही अनोळखी. भोंगा झाला की मी झपाझप डावीकडे सुटायचो. मला भीती, हा बाजूने चालता चालता काही बोलायचा, मला कळायचं नाही, आणि मग सगळंच उघडं पडायचं. तोही कधी थांबला नाही, झपाझप उजवीकडे. मला वाटायचं, बरं आहे, शिष्ट आहे थोडा. एकोणीस वर्षांत मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. खरं तर तसं मला कधी वाटलंही नाही, त्याचा आवाज माझ्या डोक्यात होता आणि चांगला जाड होता.

आता मुद्द्यावर येतो.

त्या वर्षी गिरणीचं बिनसलं. राज्य गोऱ्यांचं, बोटी त्यांच्या, आणि बोटींतून येणारं कापडही त्यांचंच. त्या कापडाला आमचं कापड भारी पडू नये म्हणून सरकारने आमच्या ठाणांवर कर बसवलेला. कर भरून मालक कुरकुरायला लागले. मग त्यांच्या परदेशातल्या कचेरीतून हुकूम आला. ज्याने आमचं विणखातं जन्मात पाहिलं नाही अशा कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकल्या: एका विणकराने दोन नव्हे, चार माग चालवावेत. म्हणजे समोरासमोरच्या जोडीतला एक राहणार, एक जाणार.

वर दुष्काळात तेरावा महिना. पलीकडच्या खात्यात पट्टा तुटून यंत्रांना तेल घालणाऱ्या एकाचा हात गेला. लोक ओरडत होते, त्याला ऐकू गेलं नाही. साहेबाने फर्मान काढलं की बहिरा माणूस गिरणीत ठेवायचा नाही, कानांनी अधू असेल तो आधी जाणार. अहो, विणखात्यात बहिरा नाही असा कोण? पण प्रत्येकाने मान वर करून सांगितलं, माझे कान ठणठणीत. मीही सांगितलं. समोरच्यानेही सांगितलं, आणि मला त्यात नवल वाटलं नाही. त्याचे कान खरंच चांगले आहेत असं मी धरून चाललो होतो.

हे मी का धरून चाललो होतो, ते अजून मला सांगता येत नाही. एकोणीस वर्षं तोही त्याच आवाजात उभा होता.

एका सोमवारी आमच्या जोडीला कचेरीत बोलावलं. जाताना जिन्यात मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. तो म्हणाला, "घाबरू नको. बघत राहा." मी म्हणालो, "तूही." बस, एवढंच. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, साहेब कुठूनही बोलू दे, हा मला ओठांनी सांगणार. रीतच आहे आपली.

कचेरीत पायाखाली जाजम. सत्तावीस वर्षांत गिरणीच्या आत पहिल्यांदा पायाखालची जमीन थरथरत नव्हती. शांतता मला कानांनी कळत नाही, तळपायांना कळते, आणि ती मला आवडत नाही. टेबलामागे साहेब. त्याच्या ओठांवर ही एवढी मिशी, खालचा ओठसुद्धा दिसेना. दुसऱ्यांच्या मुलखावर राज्य करायला आले, पण मिशी कापायला कात्री मिळाली नाही! शेजारी कारकून, साहेबाचं बोलणं आमच्या भाषेत सांगायला. तर त्या गृहस्थाने कागद तोंडासमोरच धरलेला. डोळे आणि कपाळ दिसत होतं, बाकी कागद.

साहेबाची मिशी हलली. मग कारकुनाचा कागद हलला. मग दोघं आमच्याकडे बघत राहिले.

मी समोरच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. ओठ बंद.

मी वाट पाहिली. मनात म्हटलं, बोल की लेका. तो नुसता बघतोय, डोळे मोठे करून. कागद परत हलला. मी अजून त्याच्या तोंडाकडे, तो अजून माझ्या तोंडाकडे. दोन बाप्ये घुबडांसारखे एकमेकांकडे टकामका बघतायत, आणि समोर साहेब ताटकळतोय. कारकुनाने एक बोट वर केलं आणि आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे दाखवलं. मला वाटलं, दोघांत जुना कोण ते विचारतायत. मी त्याच्याहून आठ महिन्यांनी जुना. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मी, साहेब," मी म्हणालो.

कारकुनाने लिहून घेतलं. झालं, संपलं. बाहेर आल्यावर त्याने मला चिठ्ठी दिली. पुढच्या पंधरवड्यापासून चार माग मी चालवायचे, दुसऱ्याला चौदा दिवसांनी कायमची रजा. प्रश्न असा होता: तुम्हा दोघांपैकी चार माग कोण चालवेल?

समोरच्याच्या हातातही चिठ्ठी होती. त्याने ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. असं त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं.

आता दुसरा कुणी असता तर विचारतो, बाबा रे, तू गप्प का राहिलास? मी विचारणाऱ्यातला नाही. माझ्या डोक्यात एकच सणक गेली: याने ऐकलं आणि मला सांगितलं नाही. एकोणीस वर्षांची रीत याने नेमकी त्या दिवशी मोडली. मला तोंडघशी पाडून स्वतः राहायचा डाव होता, तो याच्यावरच उलटला. बरं झालं! कर्माची फळं! अशी एकेक वाक्यं जुळवत मी खोलीवर गेलो आणि रात्रभर कुशी बदलल्या.

ओठांनी बोलणाऱ्या माणसांचं भांडण कसं असतं, सांगू? एकाने दुसऱ्याकडे बघायचं बंद केलं की संपलं. दार लावायला नको, शिवी द्यायला नको. मी चौदा दिवस मान खाली घातली. नजर कापडावर, धोट्यावर, स्वतःच्या हातांवर, कुठेही, पण त्या फटीच्या पलीकडे नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं, तो हात हलवतोय. काहीतरी सांगतोय. मी मुद्दाम पाठ करायचो. म्हटलं, आता सारवासारव करतोय. चोराच्या मनात चांदणं.

त्या चौदा दिवसांत माझी पाच ठाणं वाया गेली. लांबच लांब रेघा. जॉबरने पाचही माझ्या अंगावर फेकली आणि विचारलं, "अरे, म्हातारचळ लागला का तुला?" त्याचे ओठ मला छान वाचता येतात, दुर्दैवाने. मी म्हणालो, सूतच कच्चं येतंय.

शेवटच्या दिवशी तो माग पुसून गेला. मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बाजूही माझीच झाली, आणि त्याच्या मागाच्या कडेला मला त्याची सूत कापायची कात्री सापडली. दोरीला बांधलेली, दोरी मळून काळी झालेली. विसरणाऱ्यातला नव्हता तो. माझा राग परत उसळला. म्हटलं, कुणाची वस्तू मला नको, नेऊन तोंडावर फेकतो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी पत्ता काढत गेलो. दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. दार बंद. ठोकलं. कुणी उघडेना. जोरात ठोकलं. आतल्या माणसाला ऐकू जात असणारच, उघडायचं नाही म्हणून उघडत नाही. असा अपमान! मी मुठीने दार बडवायला लागलो.

कुणीतरी खांद्याला हात लावला. पाण्याची बादली घेतलेली एक बाई. त्याची विधवा बहीण त्याच्याकडे राहते, हे मला ठाऊक होतं. तिने बादली खाली ठेवली, बरोबर माझ्या समोर आली, तोंड उजेडाकडे केलं, आणि म्हणाली,

"भाऊ, दार बडवून काय उपयोग? दादाला ऐकू येत नाही."

मला सगळं कळलं. शब्द न् शब्द. ही गेल्यापासून गिरणीच्या बाहेर कुणाचं बोलणं मला असं सबंध कळलं नव्हतं. त्या आनंदात मी नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिलो, आणि मग हळूहळू डोक्यात उतरलं की ही बाई गिरणीत कामाला नाही. असं बोलायला ती घरात शिकलीय. घरात असं बोलावं लागतं तेव्हा घरात कोण असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ वर्षं झाली. कुणाला सांगू नका हं, असं बजावलं होतं त्याने. आता काय, सांगितलं काय नि नाही काय." "तुम्ही त्याचे समोरचे ना? त्याचा तुमच्यावर भारी भरवसा होता. म्हणत होता, साहेबाने काहीही विचारू दे, खवट मला ओठांनी सांगेल. आणि तुम्ही ऐकलंत आणि सरळ 'मी' म्हणालात."

माझा आवाज किती चढला होता कोण जाणे, कारण शेजारची दोन दारं उघडली.

"मला कुठे ऐकू येतंय!" मी म्हणालो. "मी ठार बहिरा आहे! मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो!"

तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा. आणि तो तुमच्या."

तिच्याकडे किल्ली होती. आत तो खिडकीशी पाठमोरा बसला होता. कोपऱ्यात दोन ट्रंका दोरीने बांधून ठेवलेल्या. मी आत पाऊल टाकलं, फळ्यांची जमीन हलली, त्याने वळून पाहिलं. मला पाहिलं. आणि त्याने डोळे मिटले.

मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तोंड फिरवून त्याला चौदा दिवस जे केलं, ते त्याने एका क्षणात केलं. डोळे मिटलेल्या बहिऱ्याशी जगात कुणालाच बोलता येत नाही. मी त्याच्यासमोर खाली बसलो. बोललो. ओरडलोही असेन. बहीण त्याचा खांदा हलवत होती. तो डोळे गच्च मिटून, जबडा आवळून बसलेला. मला ज्या एका माणसाशी बोलायचं होतं तो हातभर अंतरावर होता, आणि माझ्याकडे सांगायला वाट नव्हती. रडू आलं मला. खोटं कशाला बोलू, चांगलं हुंदके देऊन आलं.

मग मी त्याचा हात ओढला. तो सोडवून घ्यायला लागला, मी सोडला नाही. त्याचा पंजा माझ्या कानावर दाबून धरला आणि मान हलवली. नाही. नाही. त्याचा दुसरा हात घेतला, दुसऱ्या कानावर ठेवला, परत मान हलवली. नाही. माझं तोंड त्याच्या दोन्ही हातांत, ओलं झालेलं, आणि मी नुसती मान हलवतोय.

त्याचे हात ढिले पडले. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"तूसुद्धा?" तो ओठांनी म्हणाला.

"मीसुद्धा."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. मी तुझ्याहून जुना आहे, विसरलास?"

तो हसायला लागला. पडलेल्या दाताची खिंड दिसली. मीही हसलो. आमच्या हसण्याचा आवाज कसा होता ते त्याच्या बहिणीला विचारा, ती पदर तोंडाला लावून उभी होती आणि तिचं काय चाललं होतं, हसणं की रडणं, मला कळलं नाही.

मी म्हणालो, उद्याच साहेबाकडे जातो, खरं सांगतो, हा घोटाळा झाला म्हणून. तो म्हणाला, "आणि दोघंही बाहेर. मग काय करायचं, घरी बसून एकमेकांचे ओठ बघायचे?"

"चालेल की मला," मी म्हणालो. आणि खरंच चाललं असतं.

"पोट काय ओठांवर भरतं, खवट?" तो म्हणाला. "भाचीकडे जातोय आम्ही. तिचा नवरा वखारीवर राखणदार ठेवून देईल म्हणतो."

"बहिरा राखणदार?"

"डोळे आहेत ना. आणि रात्री तिथे बोलायला कोण येतंय?" तो पुन्हा हसला, पण यावेळी मी हसलो नाही.

उठताना मी त्याची कात्री काढून दिली. त्याने ती घेतली नाही, माझी मूठ तिच्यावर मिटली. मुद्दामच ठेवून गेला होता. मग मला धीर झाला आणि मी विचारलं, "ते चौदा दिवस तू मला सारखा काय सांगत होतास?"

"काय सांगणार? मागे धागा तुटलाय."

"एवढंच?"

"मग? मी तुझं तोंड बघणार नव्हतो जन्मात. पण म्हणून काय ठाण वाया जाऊ द्यायचं?"

दोन दिवसांनी ते गेले. मी कामावर होतो, पोचवायला जाता आलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. मुलीला मात्र पत्र टाकलं, चार ओळींचं. लिहिलं की मला ऐकू येत नाही, सासूबाईंचं मला कळलं नव्हतं, आता येशील तेव्हा दिव्याकडे तोंड करून बोल. अजून उत्तर नाही. येईल.

चार माग मी चालवतो. जमतं. दोन माझे, दोन त्याचे. दिवसभर फटीला वळसा घालून इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता मी बरेचदा त्याच्या जागेवर उभा असतो. तिथे पायाखालचं लाकूड त्याच्या टाचांनी झिजलंय, पाय आपोआप त्या खळग्यांत बसतात. आणि तिथून बघितलं की समोर माझी जागा दिसते. खांब, कांड्यांची पेटी, आणि जिथे मी उभा असायचो तिथे कुणीही नाही.

काल दुपारी मी तिथे उभा होतो. माझ्या मागाची पाठ समोर होती, एकोणीस वर्षं त्याला दिसायची तशी. एक धागा सुटला, खाली लोंबायला लागला. मी तोंड नीट उघडलं, शब्द ओठांवर घडवला, आणि त्या रिकाम्या जागेला सांगितलं, "खवट, मागे धागा तुटलाय."

थोडा वेळ थांबलो. मग वळसा घालून गेलो आणि बांधला.